पुसलं न्हाय, पुरं केलं

आमच्या भागात रेडिएशनला 'शेक' म्हणतात. डॉक्टर म्हणतात, नर्स म्हणतात, बेळगावच्या बसस्टँडवरचा रिक्षावालाही "शेकाच्या दवाखान्याकडं काय?" असंच विचारतो. आणि एकदा शेक म्हटलं की त्यातलं सगळं सगळ्यांना कळतं, कारण शेक कुणाला माहीत नाही? कंबर धरली की विटेचा शेक, पोटात दुखलं की तव्यावरच्या फडक्याचा शेक, बाळंतिणीला शेगडीचा शेक. त्यामुळे ऑपरेशन होऊन माझी डावी बाजू सपाट झाली आणि डॉक्टरांनी "आता शेक द्यावा लागेल" असं सांगितलं, तेव्हापासून मला सल्ला देताना कुणालाच काही अडचण पडली नाही. अंगात उष्णता भरेल, सब्जा खा. दुर्वांचा रस घे. काळ्या मातीचा लेप लाव. मी जन्मभर निपाणीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवलं. "अहो, हा तसला शेक नव्हे, हे किरण आहेत," असं मी समजावायला लागले की समोरचं माणूस दयेनं माझ्याकडे बघायचं. आजारी बाईला काय कळतंय, अशी ती नजर. दुखण्यापेक्षा त्या नजरेनं माझं डोकं जास्त तापायचं.

गाव निपाणी म्हटलं की आणखी एक ठरलेलं. "अच्छा, निपाणी. तंबाखू." एवढं बोलून मान डोलवायची, झाला निकाल. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तंबाखूची वखार आहे, वाऱ्याबरोबर घरात तंबाखूच्या धुळीचा खकाणा येतो, हे सगळं खरं. पण मी आयुष्यात कधी मशेरीसुद्धा लावली नाही. माझ्या छातीत गाठ का झाली हे डॉक्टरांनाही नेमकं सांगता आलं नव्हतं, आणि हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी बाईला ते एका शब्दात कळलेलं असायचं. एकदा मी तिथल्या तिथे विचारलं, "तुमचं गाव कुठलं?" ती म्हणाली, "गोकाक." मी म्हटलं, "मग तुमच्या घरात धबधबा आहे काय?" माझ्या नवऱ्यानं माझा दंड दाबला. कुणाशी वाकडं होऊ नये म्हणून दंड दाबणं, ही त्यांची जन्माची सवय.

शेक रोज घ्यायचा आणि तोही कितीतरी आठवडे. निपाणीहून रोज येणं-जाणं मला झेपणारं नव्हतं. म्हणून आम्ही दोघं बेळगावात शहापूरला, माझ्या मोठ्या नणंदेच्या घरी राहायला गेलो. त्यांना मी आक्का म्हणते, सगळंच गोत म्हणतं. आक्का तरुणपणीच विधवा झाल्या, शिवणकामावर दोन मुलं वाढवली, ती आता परगावी नोकरीला आहेत. घर त्यांचं, स्वयंपाक त्यांचा, देव्हारा त्यांचा. पाहुणी म्हणून राहिलेल्या माणसाला घरमालकिणीवर रागावता येत नाही, आणि मला तर सकाळी उठल्यापासून रागावायचं असायचं.

आक्कांचा सगळा जीव यल्लम्मात. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला देव्हाऱ्यापुढं बसवलं, कपाळाला भंडारा लावला आणि हळूच विचारलं, "देवीचं काय ऱ्हायलंय का गं तुमच्याकडनं? आठवून बघ."

"काही राहिलेलं नाही," मी म्हटलं.

"नीट आठव. बोललेलं आसतंय आणि इसरतंय माणूस."

माझा देवीवर विश्वास नाही असं नाही. सौंदत्तीच्या डोंगरावर तिच्या दर्शनाला मी कळायला लागल्यापासून जाते. पण माझी देवी असली दबा धरून बसणारी नाही. माझं आणि तिचं नातं भांडणाचं आहे. शाळेत पटसंख्या घटली तेव्हा मी तिच्याशी भांडले, मुलीचं बाळंतपण अडलं तेव्हा भांडले, गाठ हाताला लागली त्या सकाळी तर दिवा लावतालावता तिला वाटेल ते बोलले. नवस फेडला नाही म्हणून बाईची छाती कापून नेणारी बाई देवी कशी असेल? असं मी आक्कांना म्हणाले नाही. पण रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

नवऱ्याचंही इथेच सांगते. हे भूमापन खात्यात मोजणीदार होते. शेताची हद्द, बांध, दगड, खुणा यात आयुष्य गेलं. अतिशय भला माणूस, असं चिकोडीपासून खानापूरपर्यंत कुणीही सांगेल, आणि मला ते ऐकून ऐकून कंटाळा आला आहे. भला माणूस म्हणजे जो कुणालाच काही म्हणत नाही. आक्का काही बोलल्या की ते म्हणायचे, "म्हणतेय तर घे की." ऑपरेशननंतर नर्स पट्टी बदलायला आली की त्यांना हटकून औषधाच्या दुकानात जायचं असायचं. आक्कांकडे आल्यावर आक्का माझं अंग पुसायच्या, तेव्हा हे दूध आणायला जायचे. त्या घरात इतकं दूध लागत नव्हतं.

आक्कांनी मात्र पहिल्या दिवशी टॉवेल बाजूला केला, चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत सगळं पाहिलं. "बरं शिवलंय," म्हणाल्या. "टाकं बारीक हाईत." मी संतापले होते. माझी छाती म्हणजे काय ह्यांच्याकडे शिवायला आलेलं पोलकं आहे?

शेकाच्या आधी तयारीचा म्हणून एक दिवस असतो. त्या दिवशी स्कॅन करतात आणि अंगावर खुणा काढतात. मला तिथल्या डॉक्टरांनी नीट सांगितलं, आणि तेवढ्यासाठी मी त्यांची आभारी आहे. डावी बाजू, म्हणजे खाली हृदय. श्वास भरून घेऊन धरून ठेवला की हृदय किरणांच्या वाटेतून जरा मागे सरकतं. भिंतीतून लाल रेषा येतात, त्या अंगावरच्या खुणांशी जुळवायच्या. खुणा जागेवर असल्या आणि श्वास नीट धरला, तर किरण पडायचे तिथेच पडतात आणि हृदय वाचतं. मला हे एकदम पटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला कुणीतरी करायला काम दिलं होतं.

मशीनच्या खोलीत माणूस एकटं असतं. बाहेरून माइकवर टेक्निशियन मुलगी सूचना द्यायची, "उसिरु हिडीरी," श्वास धरा. मग, "बिडरी," सोडा. आम्हा सीमेवरच्या लोकांना एवढं कन्नड बाजारहाट करतानाच येतं. तरी पहिल्यांदा ते "बिडरी" ऐकलं आणि मला हसू फुटलं. निपाणीच्या बाईला इथेही बिडी! हसल्यामुळे श्वास सुटला आणि सगळं परत करावं लागलं. त्या मुलीनं मला दटावलं. बरोबरच होतं तिचं.

मंगळसूत्र काढून मी आत जाण्याआधी आक्कांच्या हातात दिलं होतं. ते त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं आणि बाहेर बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. काम झाल्यावर मला कपडे घालायला मदत म्हणून त्यांना आत बोलावलं. छातीच्या मधोमध एक आणि दोन्ही कुशींवर एकेक, अशा जांभळ्या शाईच्या, अधिकच्या चिन्हासारख्या तीन खुणा होत्या. मुलगी आक्कांना म्हणाली, "ई क्रॉस अळिसब्याडरी, अज्जी. क्रॉस पुसायचा न्हाय हं. साबण न्हाय, तेल न्हाय. पुसला तर परत सगळं करायला लागतंय."

"न्हाय पुसत," आक्का म्हणाल्या. पण त्यांची नजर त्या खुणांवरून हलेना.

परतताना रिक्षा कॅम्पातून, लष्करी भागातून येत होती. चर्चच्या मनोऱ्याकडे बोट करून आक्का म्हणाल्या, "त्ये बघ. तसलंच काढलंय तुझ्या अंगावर."

"आक्का, ते बेरजेचं चिन्ह आहे."

"बेरीज कशाला मांडलीया अंगावर?"

मी कपाळावर हात मारला. सांगितलं, की नेम धरायला खूण लागते. यांनाही म्हटलं, "तुम्ही तरी सांगा की, खूण कशाला असते ते." हे रिक्षाच्या मीटरकडे बघत म्हणाले, "व्हय आक्का, आसतंय तसलं." बस्स, एवढंच. ज्या माणसानं आयुष्यभर खुणा रोवल्या त्याच्याकडे बोलायला याहून जास्त काही नव्हतं.

मग शेक सुरू व्हायची वाट पाहायची. त्या दिवसांत मी श्वास धरायचा सराव करायची. दुपारी खुर्चीत ताठ बसायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, आणि मनातल्या मनात निपाणीच्या स्टँडवरून बेळगावची गाडी सोडायची. तवंदीचा घाट, कणगला, संकेश्वर. पहिल्यांदा माझा श्वास संकेश्वरला सुटायचा. मग हत्तरगी गाठलं, मग यमकनमर्डी. मला फार बरं वाटायचं. पण गाडी नेमकी घाटात असताना कुणीतरी भेटायला यायचं. मी गाल फुगवून, डोळे वटारून बसलेली. "आगं बाई, बोलत न्हाईत व्हय ह्या आता?" असं म्हणून ती बाई आक्कांच्या खांद्यावर रडायला लागायची. श्वास सुटला की मी पहिलं वाक्य काय बोलत असेन ते सांगायला नको. माझी ख्याती शहापुरात त्याच दिवसांत झाली.

शेक सोमवारी सुरू होणार होता. आदला शुक्रवार देवीचा वार. आक्कांची पूजा लांबली होती. दुपारची गोळी घेतली की मला गुंगी यायची, तशी मी गाऊनची बटणं सैल करून पडले होते. मध्येच छातीला काहीतरी गार लागलं. डोळे किलकिले केले तर आक्का माझ्यावर वाकलेल्या. "काय न्हाय, झोप गं, झोप," त्या म्हणाल्या. मी झोपले. उठल्यावर गाऊनला कुंकू लागलेलं दिसलं. कुंकू-भंडारा लावताना कपाळावरून सांडलं असेल असं मला वाटलं. मान वाकवून स्वतःकडे बघायचं मी त्या दिवसांत टाळत होते. पुढे शनिवारी आणि रविवारी अंग पुसताना आक्का त्या तिन्ही जागा सोडून इतक्या जपून पुसत होत्या, की मला उलट कौतुक वाटलं.

सोमवारी मी टेबलावर झोपले. मुलीनं गाऊन बाजूला केला आणि ती थांबली. मग दुसऱ्या टेक्निशियनला हाक मारली. दोघंही वाकून बघायला लागले.

"इद येनरी?" ती मला विचारत होती. हे काय आहे?

मला उठवून बसवलं. मी मान वाकवली. माझ्या छातीच्या मधोमध स्वस्तिक होतं. लालभडक, तेलात कालवलेल्या कुंकवाचं, चारी हात नीट मुरडलेले, चारी घरांत चार टिंबं. कुशीवर तसंच. दुसऱ्या कुशीवरही तसंच. त्या बारीक जांभळ्या रेषांवरून बोटाएवढी जाड लाल रेघ फिरलेली. मुलीनं कापसानं कुंकू टिपायला घेतलं, तसं तेलाबरोबर खालची शाईही निघून आली. तो दुसरा भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. हसत होता तो! मी उघडी बसले होते, एका बाजूला टाके, एका बाजूला कापूस, अंगावर कुंकवाचे ओघळ, आणि तो हसत होता. मी जन्मात कुठल्या विद्यार्थ्यावर हात उचलला नाही. त्या दिवशी उचलला असता.

डॉक्टर आले. त्यांनी पाहिलं आणि मलाच म्हणाले, "मॅडम, तुम्ही सायन्स टीचर ना? घरच्यांना एवढं सांगता आलं नाही?"

सांगता आलं नाही! मी दुसरं काय करत होते इतके दिवस? पण अंगावर धड कपडा नसताना माणसाला वाद घालता येत नाही, हे मी तिथे शिकले. पुन्हा स्कॅन करायला हवा, पुन्हा खुणा काढायला हव्यात, स्कॅनचं मशीन ह्या आठवड्यात रिकामं नाही. म्हणजे शेक पुढे गेला. ऑपरेशननंतर फार उशीर करायचा नाही असं ह्याच डॉक्टरांनी बजावलं होतं. मी त्याची आठवण करून दिली. "मग सांभाळायला पाहिजे होतं," असं म्हणून ते निघून गेले.

बाहेर बाकावर आक्का आणि हे बसले होते. मी सगळ्यांच्या देखत विचारलं, "आक्का, काय केलंत हे तुम्ही? पुसू नका म्हणून सांगितलं होतं ना तिनं?"

आक्का उठून उभ्या राहिल्या. "पुसलं न्हाय बाई मी," त्या म्हणाल्या. "पुसायचं न्हाय म्हणाली, न्हाय पुसलं. अर्धंच काढल्यालं व्हतं. पुरं केलं."

पुरं केलं! बाकावरचे दोघंतिघं हसले. एका म्हाताऱ्यानं तर "बरोबर हाय की," असं म्हणून मान डोलवली. इतक्या मोठ्या मूर्खपणाला इतकं सरळ उत्तर असू शकतं, याचाच मला संताप आला.

आम्ही रिक्षा केली. शहापूरचा चढ लागला तेव्हा हे म्हणाले, "जाऊ दे. तिनं काय मुद्दाम केलंय?"

जाऊ दे. काय काय जाऊ देऊ? छाती गेली, ती जाऊ दिली. केस गेले, तेही जाऊ दिले. आता शेक पुढे गेला, तोही जाऊ देऊ? मी रिक्षा थांबवायला लावली आणि उरलेलं अंतर चालत गेले. ते मागून येत होते, हातात माझी पिशवी घेऊन, माझ्याहून जरा अंतर ठेवून.

घरी गेल्यावर मी थेट देव्हाऱ्यापुढं बसले. आक्कांच्या देव्हाऱ्यात यल्लम्माचा पितळी मुखवटा आहे, भंडाऱ्यानं पिवळाजर्द झालेला. मी त्याच्याकडे बघून मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. म्हटलं, तुला हे चालतं काय? तुझ्या नावानं कुणीही यावं आणि माझ्या अंगावर काहीही काढावं? माझं अंग म्हणजे दाराची चौकट आहे? कापायचं कुठे ते डॉक्टर ठरवणार, खायचं काय ते गल्ली ठरवणार, काढायचं काय ते ह्या ठरवणार. मला कुणी विचारलंय का? तू तरी विचारलंस का? माझा आवाज बहुधा रस्त्यावर जात असावा. जाऊ दे, म्हटलं, आता हे जाऊच दे.

आक्का दारात उभ्या होत्या. मला वाटलं, देवीला बोलले म्हणून आता ऐकावं लागणार. पण त्या येऊन माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"मला क्रॉसचं काय न्हवतं गं," त्या म्हणाल्या. "चर्चमधली बी माणसंच हाईत. माझी गिऱ्हाइकं व्हती कॅम्पातली. आयुष्यभर त्यांचं कपडं शिवलं मी."

"मग कशाला काढलंत?"

"फुली ती." त्यांनी पदर तोंडाला लावला. "बघीन तवा मला फुलीच दिसायची. फुली कशावर मारत्यात? नको आसतंय त्याच्यावर. चुकलंय त्याच्यावर. तू तर शाळेत जन्मभर मारलीस, तुला ठावं न्हाय? एक तर तुझं हे आसं झाल्यालं, त्याच्यावर तीन तीन फुल्या. तसल्या फुल्या घेऊन तुला एकटीला आत पाठवायची? माझा हातच ऱ्हाईना."

फुली. लाल पेनानं मी किती उत्तरांवर ती मारली असेल. पण स्वतःच्या अंगावरची फुली मला एकदाही तशी दिसली नव्हती, कारण मी तिकडे बघितलंच नव्हतं.

"तू रागाव," आक्का म्हणाल्या. "माझं चुकलंच. पर मी रोज बघतीया गं तिकडं. दुसरं कोण बघतंय?"

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि मी तिथेच बसून राहिले. बाहेरच्या खोलीत हे पेपर चाळत होते. पानाचा आवाज येत होता. दुसरं कोण बघतंय? आक्कांवरचा माझा राग संपला असं मी म्हणणार नाही, शेक तर पुढे गेलाच होता. पण इतके दिवस मी चुकीच्या दारावर धडका देत होते, हे मला तेव्हा कळलं. जी बाई चष्मा लावून टाके मोजत होती तिच्यावर मी चिडत होते. आणि जो माणूस टाके पडल्यापासून दूध आणायला जातोय, त्याला मी भला म्हणत होते.

पुढच्या आठवड्यात पुन्हा स्कॅन झाला, पुन्हा खुणा झाल्या. ह्या वेळी आक्कांनी आत येऊन त्या मुलीला कन्नडमध्येच विचारलं, की भंडारा कुठे लावला तर चालेल. मुलीनं कपाळाकडे बोट केलं. "एवढ्यातच, अज्जी. खाली यायचं न्हाय." आक्कांनी तिच्यासमोरच माझ्या कपाळाला भंडारा लावला, आणि उरलेली चिमूट तिच्याही कपाळाला लावली. तिनं लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी शेक सुरू होणार. त्या दुपारी आक्कांनी न्हाणीघरात कोमट पाण्याची बादली ठेवली, टॉवेल ठेवला आणि दोन पावलं मागे सरकल्या. "मी न्हाय हात लावायची बाई आता," त्या म्हणाल्या. "मला भ्या वाटतंय."

माझा डावा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता. मी न्हाणीघराच्या दारातून हाक मारली, "अहो, इकडे या."

ते आले. हातात पिशवी होती. "दूध—" ते म्हणाले.

"दूध आहे घरात. माझं अंग पुसायचंय."

"आक्का आहे की."

तेव्हा माझा बांध फुटला. आक्का ऐकत होत्या, शेजारीही ऐकत असतील, पण मला कशाचीच फिकीर नव्हती. म्हटलं, "शेतातला हद्दीचा दगड दोन बोटं सरकला तर तुम्ही पंच गोळा करत होता. उन्हातान्हात बांधावर बसून राहत होता. आणि माझ्या अंगावरच्या खुणा कुठे आहेत हे तुम्हाला माहीत नाही. एकदा तरी बघितलंय तुम्ही? मी मेले असते ऑपरेशनमध्ये, तर शेवटची आंघोळही दुसऱ्यांनीच घातली असती, आणि तुम्ही दूध आणायला गेला असता!"

आक्का आत "आगं, असं बोलू नये" म्हणाल्या, आणि मग त्यांनी स्वतःच स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

हे पिशवी खाली ठेवून आत आले. मी स्टुलावर बसले होते. मी गाऊन खाली केला. त्यांनी टॉवेल पाण्यात बुडवला, पिळला आणि भिंतीवरच्या नळाकडे बघत माझ्या पाठीवर फिरवायला लागले.

"पुढून," मी म्हटलं.

ते पुढे आले. नजर माझ्या कपाळावरच्या भंडाऱ्यावर.

"चष्मा लावा."

"दिसतंय की."

"चष्मा लावा म्हणते ना."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, लावला. आणि बघितलं. बराच वेळ बघितलं. आधी टाक्यांची ती आडवी रेघ, काखेपर्यंत गेलेली. मग मधली खूण, मग कुशीवरची, मग पलीकडची. बोट न लावता, हवेतूनच, एकीवरून दुसरीवर. मोजणीला गेल्यावर शेताच्या कडेला उभे राहून ते असंच बघायचे.

"हितनं हितवर पाणी न्हाय लावायचं?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत घरात ते माझ्याशी गावाकडचं बोलले नव्हते.

"नाही."

"ह्या रेघंवर?"

"रेघेवर चालतं. हळू."

त्यांनी टॉवेलाचं टोक बोटाला गुंडाळलं आणि टाक्यांवरून फिरवायला लागले. "दुखतंय?" त्यांनी विचारलं. हे विचारायला इतके महिने लागले, असं माझ्या तोंडावर आलं होतं, आणि मी ते गिळलं नाही, बोलून टाकलं. ते "व्हय" म्हणाले आणि पुसत राहिले. मला त्यांचा अजून रागच येत होता. उद्या मी त्या खोलीत एकटी असणार, श्वास धरून, हृदय बाजूला घेऊन, आणि हा माणूस आज पहिल्यांदा माझ्याकडे बघतोय.

मधल्या खुणेपाशी येऊन त्यांचा हात थांबला. ते आणखी खाली वाकले, इतके की चष्मा माझ्या छातीला टेकेल. काचेच्या आतून काहीतरी चमकलं आणि नाकाच्या शेंड्याशी येऊन लोंबकळायला लागलं.

"डोळे पुसा आधी," मी म्हटलं. "खुणेवर पाणी पडायला नको."